काही नाही, असं तुम्ही म्हणालात

आबा, तुमच्या शोकसभेत मी शेवटच्या रांगेत बसले होते. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने तुम्हाला देवमाणूस म्हटलं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत उडालेल्या कपच्या तुम्ही उन्हात उभं राहून कशा काढल्यात, कुणाच्या घरी पाणीसुद्धा न पिता पुढच्या गावाला कसे गेलात, हे सगळं त्यांनी सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला तिथे बसवेना. एक गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पुतणी ना त्यांची? लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढलीस. दोन शब्द बोल की." मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं, पोरगी लाजते. मी लाजतेच. पण त्या दिवशी गप्प बसले ती लाजेने नव्हे. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं असतं, ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलायची रीत नाही.

ते इथे लिहिते. काकीला विचारून लिहिते. ती म्हणाली, "लिही. माझं नाव तेवढं घालू नको." तेव्हा ती इथेही नुसती काकीच, तुमची बायको.

आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होईन. काष्टीहून तुम्ही मला नगरला आणलंत तेव्हा मला धड परकराची नाडीही बांधता येत नव्हती. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. माझ्या वडिलांना तुम्ही म्हणालात, "हिला माझ्याकडे दे, इंग्रजी शाळेत घालतो," आणि दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, शब्दापुढे वडिलांनी कधीच शब्द काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. शाळेत जायच्या आधी इंग्रजी अक्षरं मी तुमच्या दवाखान्यातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावर शिकले, सगळ्यात मोठ्या अक्षरापासून खाली खाली. त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटायचं की इंग्रजी भाषा ई अक्षरापासून सुरू होते. घरी पाहुणे आले आणि "हिला एखादी इंग्लिश कविता म्हणायला सांगा" म्हणाले, की मी दाराआड जायची. तुम्ही म्हणायचात, "सोडा तिला. तिला बघायला आवडतं, दाखवायला नाही." माझ्याबद्दल इतकं खरं वाक्य कुणी बोललेलं नाही. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आणि राहीन.

पण मग मी बघत राहिले, आबा. तुमच्याच घरात, तुमच्याच परवानगीने.

दिवाळीत पाडव्याला सकाळी तुम्ही काष्टीच्या ओसरीवर सगळ्या घराला रांगेत बसवायचात आणि एकेकाचे डोळे तपासायचात. गडीमाणसं, त्यांची पोरं, कुणी सुटायचं नाही. आईची पाळी आली की मजा व्हायची. ती धाकटी भावजय, कपाळापर्यंत पदर, तुमच्याशी थेट बोलायची नाही, तुमच्याकडे मान वर करून बघायची नाही. आणि तुम्हाला तर तिचे डोळेच बघायचे असत. मधे मी.

"आईला सांग, माझ्या कानाकडे बघ म्हणावं."

"आई, त्यांच्या कानाकडे बघ."

"बघती की. कान लई मोठा हाय म्हणावं, चुकायचा न्हाई."

मी हे शेवटचं तुम्हाला सांगायची नाही. पण तुम्हाला ऐकू गेलेलं असायचं, आणि हातातली बारीक बॅटरी हसण्याने हलायची.

ही रांग कशासाठी, असं कुणी विचारलं की तुम्ही काचबिंदूचं सांगायचात. शिबिरात एखादा म्हातारा दृष्टी जवळजवळ संपल्यावर यायचा आणि म्हणायचा, "दुखत न्हवतं, म्हून आलो न्हाई." तुम्ही त्याच्यावर असे भडकायचात की बाकीची रांग गप्प व्हायची. "दुखायची वाट बघत बसलास? दुखायला लागलं म्हणजे माझं काम संपलेलं असतं, बाबा. काही होत नसतं तेव्हाच दाखवायचं असतं." मी तुमच्याबरोबर शिबिरांना यायची, रोग्यांची नावं पुकारायची. हे वाक्य मला तुमच्याआधी म्हणता आलं असतं.

म्हणजे तुम्हाला कळत होतं. कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. डोळ्याच्या बाबतीत तुम्हाला सगळं कळत होतं, आणि हनुवटीच्या खाली आलं की तुम्ही तेच कळणं बाजूला ठेवायचात.

आपल्या घरात एक नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण सगळे पाळायचे. घरात डॉक्टर असताना बाहेरच्या डॉक्टरची पायरी चढायची नाही. ताप असो, खोकला असो, पोटात कळ असो, बाळंतिणीची कंबर असो, सगळं तुमच्याकडे. तुम्ही नाडी बघायचात, पोट दोनदा दाबायचात आणि म्हणायचात, "काही नाही." बहुतेक वेळा खरोखरच काही नसायचं. त्यामुळे घराला तुमच्या त्या दोन शब्दांची सवय लागली. वडिलांचा खोकला एकदा लांबला आणि ते श्रीगोंद्याच्या डॉक्टरकडे जाऊन औषध घेऊन आले. तुम्हाला कळलं. तुम्ही रविवारी काष्टीला आलात, चहाच्या कपाला हात लावला नाहीत, अंगणात उभ्या उभ्या म्हणालात, "मी मेलोय का?" वडिलांनी आत जाऊन ती लाल औषधाची बाटली आणली आणि तुमच्या देखत मोरीत ओतली. मग तुम्ही चहा प्यायलात.

परक्या माणसाशी तुम्ही असे नव्हता. शिबिरात कुणी गुडघा पुढे केला की तुम्ही हात जोडायचात. "मला त्यातलं काही येत नाही, बाबा. त्या डॉक्टरला दाखव, मी चिठ्ठी देतो." किती सहज म्हणायचात! ज्यांना तुम्ही पुन्हा भेटणार नव्हता, त्यांना तुम्ही खरं सांगत होता. घरच्यांसमोर मात्र तुम्हाला सगळं येत होतं.

आता गेल्या श्रावणाचं.

काकीचं बाजूला बसणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ते बंद झालं तेव्हा ती खूष होती. सावेडीच्या नव्या बंगल्यात आल्यापासून देवपूजा तिने कुणाला करू दिली नव्हती. महिनाभर आता देव माझेच, म्हणायची. आणि गेल्या श्रावणात, सोमवारी सकाळी, ती मागच्या पडवीत घोंगडी टाकून बसलेली मला दिसली. मला म्हणाली, "पूजा तू कर. माझं परत सुरू झालंय बघ." आणि हसली. लाजल्यासारखी, थोडी खूष झाल्यासारखीसुद्धा. मी फुलं घेऊन देवघरात गेले.

दोन दिवसांनी ती उठली, न्हाली, देवाजवळ गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा घोंगडी. मग महिनाभर काही नाही. मग दसऱ्याच्या सुमारास सलग इतके दिवस की घोंगडी पडवीतून उचललीच गेली नाही.

मला तुमच्याबद्दल इथेच पहिला राग आला. नंतरचे राग त्याच्यावर चढत गेले. त्या घरात तुम्हीही राहत होता. विज्ञान शिकलेला माणूस, पण बाजूला बसण्याच्या चालीला तुम्ही कधी हरकत घेतली नव्हती, आणि त्या चालीमुळेच घरातल्या प्रत्येकाला कळत होतं की काकीला काय होतंय. दुसऱ्या कुठल्या आजारात अशी सोय नसते. रोज सकाळी तुम्ही दाढी करायला मागच्या नळावर जायचात ते तिच्या घोंगडीला वळसा घालून. पाय लागू नये म्हणून. तिच्या ताटात मी लांबून वाढत होते, तुमचं ताट मी वाढत होते, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की पन्नाशी ओलांडलेली ही बाई पुन्हा तिथे का बसली आहे.

आई काष्टीहून आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. आईचंही काही बरोबर होतं असं नाही. "उष्णता असंल, अक्का," म्हणाली आणि पुढच्या खेपेला गुलकंदाची बरणी घेऊन आली. काकीने ती मन लावून संपवली.

हिवाळ्यात आमच्या कॉलेजात मुलींसाठी एक व्याख्यान झालं. नगरमध्ये नुकताच दवाखाना घातलेल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मुलगे खिडक्यांशी घुटमळत होते, त्यांना शिपायाने हाकललं. बाईंनी बरंच सांगितलं, मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आया, मावश्या, आज्या. एकदा बंद झालेलं पुन्हा दिसलं, एक थेंब जरी दिसला, तरी तपासून घ्यायचं. दुखत नसलं तरी. दहांतल्या नऊ जणींत काही निघणार नाही, पण न बघता ते सांगता येत नाही." माझ्या शेजारची मुलगी हसत होती. माझ्या डोळ्यांसमोर पडवी होती.

त्या संध्याकाळी तुम्ही व्हरांड्यात चष्म्याच्या भिंगांची पेटी पुसत बसला होता. मी तुम्हाला ते इंग्रजीत सांगितलं. मराठीत तो शब्द तुमच्यासमोर माझ्या ओठांवर येईना. तुम्ही मला दिलेल्या भाषेचा मला एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. तुम्ही मान वर केली नाहीत, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि उत्तर मराठीत दिलंत.

"बायकांचं असतं ते. वय झालं की होतं मागंपुढं. काही नाही."

"बघितल्याशिवाय कसं कळलं?"

"काय?"

"रोग्याचा डोळा न बघता तुम्ही त्याला काही नाही म्हणता का, आबा?"

तुमच्या घरात मी बोललेलं ते बहुधा सगळ्यात लांब वाक्य. तुम्ही भिंग पेटीत ठेवलंत. "कुणी शिकवलं हे?"

मी सांगितलं.

"ती? पाटीचा रंग वाळला नाही अजून तिच्या. तिच्यापुढे माझ्या बायकोला नेऊन बसवू? उद्या सगळं नगर म्हणेल, डॉक्टरला घरातलं कळलं नाही, बाहेर दाखवायला लागलं."

"पण तुम्ही डोळ्यांचे..."

"आधी सगळं शिकलोय मी. मग डोळे. तू मला शिकवू नकोस."

एवढं बोलून तुम्ही उठून आत गेलात. पण आपलं भांडण तिथे संपलं नव्हतं. नंतरही मी दोनदा विषय काढला. एकदा तुम्ही म्हणालात, उन्हाळा संपू दे, शिबिरं संपू दे, मग पुण्याला माझा मित्र आहे, त्याला विचारतो. एकदा म्हणालात, "तिला काही त्रास आहे का? जेवते, झोपते, काम करते. दुखतंय का तिला कुठं?"

दुखतंय का! तुम्ही विचारलंत हे, आबा. त्या म्हाताऱ्यांवर ओरडणाऱ्या तुम्ही. मी तेव्हा काय बोलायला हवं होतं ते मला त्याच रात्री सुचलं, आणि ते तुमच्या तोंडावर फेकायला मी सकाळची वाट बघत होते. सकाळी तुम्ही जीप घेऊन पारनेरकडच्या कामावर निघून गेला होता. ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. ते आता तुम्हाला ऐकवते. त्या आंधळ्या म्हाताऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला शिकवलं होतं.

चैत्रात तुम्ही गेलात. कामावरून परतताना जीपमध्ये, ड्रायव्हरशी बोलता बोलता. तुमच्या बरोबरीचे डॉक्टर घरी आले, ते हळूच एकमेकांत म्हणत होते, "ब्लडप्रेशर असणार. स्वतःला कधी कुणाला दाखवलं नाही त्याने." म्हणजे स्वतःलाही तुम्ही तेच सांगत होता. मला त्या दिवशी तुमची कीव आली होती. फार वेळ टिकली नाही.

कारण सुतकात देव बंद. काकी बाजूला बसली काय आणि न बसली काय, सगळं घरच विटाळलेलं. घोंगडी कुणी टाकली नाही. इतके महिने जे सगळ्यांना दिसत होतं, ते आता कुणालाच दिसेना. मला दिसलं, कारण ती पहाटे मागे जाऊन स्वतःचं काहीतरी धुवायची आणि भिंतीला धरून उठायची. दहाव्याच्या आदल्या दिवशी तिला न्हाऊ घालताना आईने पाहिलं. आई बाहेर आली ती हात न पुसताच माझ्यासमोर उभी राहिली. "कुठाय गं ती तुझी डॉक्टरीण?" म्हणाली. गुलकंदाचं तिने त्यानंतर नावही काढलं नाही.

वडील ऐकेनात. नवरा गेलेल्या बाईने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. आणि तोही डॉक्टरच्या बायकोने, दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्यासाठी?

"सव्वा महिना होऊ दे. मग बघू," वडील म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकं काय म्हनायचं ते म्हनत्याल. दादांच्या मागं अक्कांना बी धाडायचं हाय का तुमास्नी?"

"अगं, पण दादा म्हणाला होता, काही नाही म्हणून."

आई म्हणाली, "दादांनी बघितलं हुतं व्हय?"

 वडील तुमच्या फोटोसमोर जाऊन बसले. मग टोपी घातली आणि स्वतःच टांगा आणायला गेले. थोरल्या भावाचा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला, आणि तोही तुम्ही नसताना. असं वागणं त्या माणसाला किती जड गेलं असेल ते तुम्हाला समजायचं नाही.

काकीला तयार करणं त्याहून कठीण. "मी न्हाई जायची. त्यांच्या मागं त्यांची शोभा नका करू," एवढंच म्हणत होती. आईने तिला हाताला धरून टांग्यात बसवलं, समोर पडदा लावला. मी तिच्या शेजारी बसले. नगरच्या रस्त्याने जाताना माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. तुम्ही अंगणात उभं राहून विचारलं होतंत, मी मेलोय का? हो आबा, तुम्ही मेला होता. तुम्ही मेल्याशिवाय तुमच्या बायकोला डॉक्टर मिळणार नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हे तुमचं खरं. पाटीचा रंगही नवा होता. त्यांनी काकीला पडद्यामागे नेलं, बराच वेळ तपासलं, मग बाहेर येऊन कागद पुढे ओढला आणि विचारलं, "केव्हापासून आहे हे?"

काकी म्हणाली, "ह्याच महिन्यात. ते गेले ना, त्या धसक्यानं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. तुम्हाला ती वाचवत होती. तिथे, त्या खुर्चीत बसूनही. आई पदराचं टोक चावत होती. मला हे इंग्रजीत सांगता आलं असतं, काकीला कळलंही नसतं. मी मराठीत सांगितलं. "गेल्या श्रावणापासून. मधे मधे थांबायचं."

बाईंचं लिहिणं थांबलं. कागदावरच्या आडनावाकडे त्यांनी बघितलं. "सावेडीच्या डॉक्टरांच्या..."

"हो," मी म्हटलं.

 तुमच्याबद्दल त्या काही बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उठून बेसिनपाशी गेल्या आणि पुष्कळ वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुण्याला न्या. आतला तुकडा काढून तपासायला हवा, ते मला इथे करता येत नाही. या आठवड्यात न्या. सव्वा महिना-बिहिना बघू नका."

ते मला इथे करता येत नाही. किती सोपं होतं, बघा.

परतताना टांग्यात काकी माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं, मी तिच्या नवऱ्याला उघडं पाडलं म्हणून रागावली आहे. आईने एकदा तिच्या मांडीवर हात ठेवला, तिने तो बाजूला केला नाही, पण धरलाही नाही. दिल्ली दरवाज्यापाशी टांगा गर्दीत अडकला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "एक खरं सांग. त्यांना कळलं हुतं का गं, काय हाय ते?"

आबा, तुमच्यावर मी महिनोन्‌महिने रागावले होते, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. हो म्हणावं, तर तुम्ही ओळखून गप्प बसलात आणि तिला तसंच बसू दिलंत. नाही म्हणावं, तर जो माणूस सगळं जाणतो म्हणून ती आयुष्यभर निर्धास्त राहिली, तो तसा नव्हताच. ती माझ्याकडे बघत होती. तिला दोन्हींतलं कमी दुखणारं कुठलं, ते मला कळेना. मग मला जे खरं वाटतं ते सांगितलं.

"नाही काकी. नव्हतं कळलं. त्यांना त्यातलं येत नव्हतं."

 टांगेवाला घोड्याला शिव्या देत होता.

"मग तसं म्हनायचं की," काकी म्हणाली.

बस्स, एवढंच. त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगायचं की, अशा आवाजात. मी कॉलेजात शिकले, तुमच्याशी वाद घातले, मनात भाषणं रचली, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच होतं. तुम्हाला सगळं यायला हवं होतं असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. आम्ही तुम्हाला गुडघ्याचं, पोटाचं, बायकांचं येत नाही म्हणून घरातून काढलं असतं का? वडील तरीही तुमच्या पाया पडले असते. आईने तरीही तुमच्या कानाची थट्टा केली असती. मी तरीही तुमच्या शिबिरांत नावं पुकारली असती. एकदा म्हणायचं होतं, मला माहीत नाही, चल, ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जाऊ. तुम्ही माहीत नसण्यावर ‘काही नाही’ ही चिठ्ठी चिकटवलीत, आणि आम्ही सगळ्यांनी ती वाचून देवाला नमस्कार केला.

हे मी पुण्यात लिहिते आहे. तुकडा काढला, तपासला. जे निघायला नको होतं ते निघालं. सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, पोट उघडल्यावर कळेल किती पसरलं आहे. आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. हे डॉक्टर तुम्ही म्हणायचात ते तुमचे मित्र नव्हेत. तुमच्या मित्राचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. असा कुणी होता का, हेही मला आता सांगता येणार नाही.

तुम्हाला क्षमा करावी असं वडिलांना वाटतं. गेलेल्या माणसावर राग धरू नये, म्हणतात. मला ते जमत नाही, आणि सोमवार नीट पार पडला तरी जमेल असं वाटत नाही. तुम्ही मला वाढवलंत आणि मी तुमच्यावर रागावलेली आहे, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतील. त्यांची समजूत घालायला मी बसणार नाही.

पहिल्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांनी तपासायच्या आधी तोच प्रश्न विचारला. केव्हापासून? मी तोंड उघडणार, तोच काकी खाटेवरून म्हणाली, "श्रावनापासून." स्पष्ट. मग त्यांनी मिस्टर काय करायचे ते विचारलं, तेही तिने सांगितलं. ते चकित झाले. चष्मा वर सरकवून म्हणाले, "डॉक्टर होते? मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

काकीने पदर सारखा केला.

"सांगायला कशाला लागतंय?" ती म्हणाली. "त्यांना दिसत हुतं की."